कोविड-१९ महासाथीतील वैयक्तिक जोखीम (भिवंडी)

महासाथीच्या काळात मास्क व लसीकरण यांविषयी निर्णय घेताना आजाराचा धोका, प्रतिबंधक उपायाचा धोका आणि आपल्यामुळे इतरांना होऊ शकणारा धोका यांची तुलना करणे म्हणजे वैयक्तिक जोखमीचे मूल्यमापन होय. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागांच्या शहरात दाट वस्ती व मजुरीवरील उपजीविका यांमुळे हा प्रश्न विशेष बिकट झाला.

पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. येथील यंत्रमाग कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगणातून आलेले कामगार मोठ्या संख्येने काम करतात आणि अनेक जण एकाच खोलीत दाटीने राहतात. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाल्यावर माग थांबले व बरेच कामगार गावी परतले. त्याच वर्षी शांतीनगर भागातील मक्का मशिदीत रुग्णांसाठी मोफत प्राणवायूची सोय करण्यात आली.

जोखमीचे घटक

कोविड-१९ मुळे मृत्यू होण्याचा धोका वयानुसार झपाट्याने वाढतो; मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार व स्थूलता यांमुळे त्यात भर पडते. निरोगी तरुण कामगाराला असलेला धोका त्यामुळे तुलनेने कमी असतो. मात्र लक्षणे नसतानाही संसर्ग पसरू शकतो. एकाच खोलीत राहणाऱ्यांना वेगळे राहणे शक्य नसल्याने तरुणाच्या निर्णयाचा परिणाम घरातील वृद्धांवर होतो.

मास्क

मास्क वापरणाऱ्याच्या श्वासावाटे बाहेर पडणारे विषाणू काही प्रमाणात अडवतो व त्याचेही अंशतः संरक्षण करतो. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क कापडी मास्कपेक्षा अधिक परिणामकारक असतो. बंदिस्त, हवा न खेळणाऱ्या जागेत मास्कची गरज मोकळ्या जागेपेक्षा जास्त असते. महाराष्ट्रात २ एप्रिल २०२२ पासून मास्कचा वापर ऐच्छिक करण्यात आला.

लसीकरण

भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. १ मे २०२१ पासून १८ वर्षांवरील सर्व व्यक्ती त्यासाठी पात्र ठरल्या. भिवंडीतील लसीकरण सुरुवातीस जिल्ह्यातील इतर शहरांच्या मागे राहिले. लसीनंतर एक-दोन दिवस ताप व अंगदुखी होऊ शकते. कामावर गेल्यासच मजुरी मिळणाऱ्यांसाठी याचा अर्थ उत्पन्न बुडणे असा होतो. कोविशिल्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा गंभीर दुष्परिणाम अत्यंत दुर्मीळ आहे. लसीमुळे गंभीर आजार व मृत्यूचा धोका मोठ्या प्रमाणात घटतो. संसर्गापासून मिळणारे संरक्षण मात्र काही महिन्यांत कमी होते.

कायदेशीर बाजू

१५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबई परिसरातील लोकल प्रवासासाठी लसीच्या दोन मात्रा पूर्ण असण्याची अट घालण्यात आली. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय दिला. सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणबद्ध निर्बंध घालण्याचा शासनाचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. तथापि तत्कालीन परिस्थितीत लस न घेतलेल्यांवरील निर्बंध प्रमाणबद्ध ठरत नाहीत, असेही नमूद केले.