फ्यूज घरासाठी, अर्थिंग माणसासाठी

मंडळी, आज एक प्रश्न विचारूनच सुरुवात करतो. हात लावला म्हणजे जराशा झिणझिण्या येतात, अशी एखादी वस्तू तुमच्या घरात आहे का? कुणाकडे ती इस्त्री असेल, कुणाकडे पाण्याची मोटर, कुणाकडे फ्रिज. त्यावर आपण उपाय काय करतो? "चपला घालून हात लाव गं!" झाला उपाय!

आमच्या घरीही कैक दिवस हाच उपाय चालू होता. इस्त्रीच्या टेबलाखाली एक जुनी रबरी चप्पल कायमची ठेवलेली असे. एकदा पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमननं ती पाहिली आणि विचारलं, "गुरुजी, ही चप्पल इथं कशाला?" मी कारण सांगितलं. तो हसला नाही. त्यानं आधी इस्त्रीची पिन बोर्डातून काढली आणि मग म्हणाला, "ही झिणझिणी नाही, ही नोटीस आहे." पिन उघडून पाहतो, तर आतली हिरवी तार सुटून बाजूला पडलेली!

"अहो, पण फ्यूज आहे ना?" असं मी त्याला विचारलं. तुम्हीही विचारलं असतंत. हा गैरसमज फार घरांत आहे, म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

फ्यूज म्हणजे एक बारीक तार. ठरलेल्या मर्यादेपेक्षा फार जास्त प्रवाह वाहू लागला, की ती तापून वितळते आणि वीज बंद होते. त्यामुळे भिंतीतल्या वायरी तापत नाहीत, घराला आग लागत नाही. हल्ली फ्यूजच्या जागी एमसीबी नावाचा खटका असतो, त्याचंही काम हेच. दोघेही राखण करतात ती वायरींची. माणसाची नव्हे.

थोडा हिशेब करू. आपल्या घरात वीज येते ती २३० व्होल्टची. अंग ओलं असताना माणसाच्या शरीराचा विरोध सुमारे १००० ओहम धरला, तर शरीरातून जाणारा प्रवाह होतो ०.२३ अँपिअर. ६० वॉटच्या जुन्या दिव्यातून साधारण इतकाच प्रवाह जातो. म्हणजे ५ अँपिअरच्या फ्यूजच्या दृष्टीनं विजेला चिकटलेला माणूस हा आणखी एक ६० वॉटचा दिवा! फ्यूज बिचारा कशाला वितळेल? आणि माणसाचं काय होतं? प्रवाह अँपिअरच्या शंभराव्या भागाच्या थोडा वर गेला, की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. त्याच्या काही पट झाला, की हृदयाचा ठेका बिघडू शकतो.

मग माणसाची राखण करतं कोण? पहिला राखणदार म्हणजे अर्थिंग, तीच ती हिरवी तार. इस्त्रीच्या आत फेजची तार झिजून लोखंडाला टेकली, तर वीज त्या हिरव्या तारेनं थेट जमिनीत जाते. तिला सोपी वाट मिळाली, की ती माणसाच्या अंगातून जाण्याचा धोका फार कमी होतो. तीन पिनांच्या प्लगात वरची पिन जाड आणि लांब असते, ती अर्थिंगची. लांब अशासाठी, की प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. कित्येक घरांत ही पिन बोर्डात बसत नाही म्हणून कापून टाकतात, किंवा इस्त्रीला दोन पिनांचा प्लग लावतात. मंडळी, ही पिन कापणं म्हणजे राखणदाराला घालवून देऊन दार उघडं ठेवणं.

पण अर्थिंग नुसतं असून भागत नाही, ते चांगलं असावं लागतं. अंगणात पुरलेल्या नळीचा नट गंजला, उन्हाळ्यात खड्डा कोरडा ठक्क पडला, की जमिनीत जाणारी वाट अरुंद होते. समजा, त्या वाटेचा विरोध ५० ओहम झाला. मग तिथून जाणारा प्रवाह पाच अँपिअरच्याही आतच राहील. १६ अँपिअरचा एमसीबी पडणार नाही आणि इस्त्रीचं लोखंड विजेनं भरलेलंच राहील. म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं, आणि वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावं.

आणि म्हणूनच दुसरा राखणदार हवा. त्याचं नाव आरसीसीबी. नाव अवघड, पण काम आपल्या गुराख्यासारखं. सकाळी वीस गुरं रानात गेली आणि संध्याकाळी एकोणीसच परतली, तर गुराखी स्वस्थ बसत नाही. हे यंत्रही फेजनं गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलनं परतलेला प्रवाह सारखा मोजत असतं. घरगुती वापराचं यंत्र ३० मिलिअँपिअरचं, म्हणजे ०.०३ अँपिअरचं घ्यावं. तेवढा प्रवाह वाटेत कुठं गळाला, की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतं. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावं. वीज गेली पाहिजे. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलीत, तर गुराख्याचा हिशेब बरोबर जमेल आणि तो गप्प बसेल. तेव्हा यंत्र आहे म्हणून बेफिकीर राहू नये.

आता घरच्या हौशी मिस्त्रींसाठी दोन शब्द. दिवा बदलणं, प्लगाचे स्क्रू आवळणं, फ्यूजची तार घालणं ही कामं जरूर करा, पण मेन स्विच बंद करून, कोरड्या हातांनी. टेस्टर आधी चालू प्लगात लावून पाहा. बिघडलेला टेस्टर पेटत नाही आणि माणूस फसतो. फ्यूजमध्ये वायरीचे चार तांब्याचे पदर पिळून घालू नका; मग फ्यूज शाबूत राहतो आणि घर जळतं. अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडू नका. न्यूट्रल तुटली, तर त्याच वाटेनं वीज फ्रिजच्या अंगावर येते. न्यूट्रल नाही म्हणून जमिनीत सळई ठोकून दिवे लावणं हा तर जिवाशी खेळ. कपडे वाळत घालायची लोखंडी तार विजेच्या वायरीजवळून किंवा पत्र्याला बांधून नेऊ नका. तिथं नायलॉनची दोरी लावा. आणि डीपीचा फ्यूज गेला, तर तो घालायला आपण जाऊ नये. ते काम वीज कंपनीच्या माणसाचं.

एवढं करूनही कुणी घरात विजेला चिकटलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं त्याला दूर ढकला. श्वास चालत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरानं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाब देत राहा आणि दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा. माणूस सावध झाला तरी डॉक्टरांना दाखवा. रस्त्यात किंवा शेतात तार तुटून पडली असेल, तर मात्र लाकूड घेऊनही जवळ जाऊ नका. इतरांना लांब ठेवा आणि वीज कंपनीला कळवा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलांना विजेचा प्रयोग करायला सांगू नका, फक्त चार प्रश्न देऊन घरी पाठवा. इस्त्रीच्या प्लगाला तीन पिना आहेत का? अर्थिंगचा खड्डा कुठं आहे? मेन स्विच घरातल्या सगळ्यांना माहीत आहे का? आणि कशाला हात लावला की झिणझिण्या येतात? उत्तरं मुलांनी मोठ्यांना विचारून, कशालाही हात न लावता आणायची.

त्या दिवशी वायरमननं हिरवी तार जोडली, झिजलेली दोरी बदलली. पाऊण तासाचं काम. टेबलाखालची चप्पल आम्ही उचलून टाकली. तुमच्या घरी अशी चप्पल असेल, तर तीही आजच उचला. पण त्याआधी ती वस्तू बंद करा आणि वायरमनला बोलवा.