हिग्जच्या वस्तुमानाला वेसण

हिग्ज कण किती जड असावा, हे मूलकणांचं स्टँडर्ड मॉडेल सांगत नाही. ते मोजूनच कळतं. ४ जुलै २०१२ रोजी सर्न या प्रयोगशाळेने कण सापडल्याचं जाहीर केलं तेव्हा आकडा निघाला सुमारे १२५ गिगाइव्ही (कणांच्या वस्तुमानाचं एकक), प्रोटॉनच्या जवळपास १३३ पट. त्याच्या पाव शतक आधी संगणकांपुढे प्रश्न होता तो निराळा: हा कण जास्तीत जास्त किती जड असू शकतो? उत्तर आलं साधारण ६४० गिगाइव्ही. भाकीत म्हणून हे फारच ढोबळ. कुंपण म्हणून मात्र ते मोलाचं होतं, असं माझं मत आहे.

हे उत्तर काढण्याची पद्धत केनेथ विल्सन यांची, १९७४ची, मुळात क्वार्कांसाठी. अवकाश-काळ सलग न धरता चार मितींची जाळी मानायची आणि हिग्ज क्षेत्राच्या किमती फक्त तिच्या बिंदूंवर ठेवायच्या. प्रत्येक दिशेला १६ बिंदू घेतले तरी एकूण ६५,५३६ होतात. संगणक एकेका बिंदूपाशी जातो, तिथली किंमत जराशी हलवतो, आठ शेजाऱ्यांशी तिचं कितपत जमतं ते पाहतो आणि यादृच्छिक आकड्याच्या कौलाने बदल ठेवतो किंवा टाकतो. अशा हजारो फेऱ्यांनंतर काळाच्या दिशेने बिंदूंमधला संबंध किती वेगाने विरतो ते मोजायचं. जितका झपाट्याने विरेल तितका कण जड. कण जड हवा तर क्षेत्राची स्वतःशी होणारी परस्परक्रिया जोरदार हवी. पण मूळ जोर कितीही वाढवा, जाळी बारीक होत गेली की उरणारी परस्परक्रिया शून्याकडे घसरते. म्हणून जाळी पुरती काढून टाकता येत नाही, आणि कण फार जड केला तर तो जाळीच्या घरांशीच भिडतो. तिथे वस्तुमान अडतं. (या घसरणीची गणिती सिद्धता, तीही एकाच घटकाच्या क्षेत्रापुरती, गणितज्ञ आयझनमन आणि द्युमिनिल-कोपां यांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. संगणक बराच पुढे होता.)

जाळी माणसाने मानलेली, मग मर्यादाही मानीवच, हा आक्षेप रास्त आहे. जाळीवरची मांडणी बदलली की आकडा हलतो. भौतिकशास्त्रज्ञ हेलर, न्यूबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९९३च्या सुमारास असे पर्याय मुद्दाम तपासले, तेव्हा तो ७१०च्या आसपास गेला. हलला खरा, पण भरकटला नाही.

१२५ सापडल्यावर ६४०चा उपयोग काय, असंही कोणी विचारेल. उपयोग शोधाआधीचा होता. सर्नच्या एलएचसी या कणत्वरकाच्या आवाक्यात या मर्यादेपर्यंतची सगळी पट्टी येत होती. तिथे काहीच सापडलं नसतं, तर मॉडेलच मोडीत निघालं असतं. आता पेच खालच्या बाजूला आहे. टॉप क्वार्क सुमारे १७३ गिगाइव्हीचा असल्याने, निर्वात पोकळी स्थिर राहायची तर हिग्जला खालूनही मर्यादा पडते, आणि १२५ तिच्या अगदी काठावर आहे. तिथे टॉपच्या वस्तुमानातले दोन-तीन गिगाइव्हीसुद्धा निकाल फिरवतात.