पाण्याची धार पोलाद कापते तेव्हा…

मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण २ बार असतो. वॉटरजेट यंत्राच्या पंपात पाण्याचा दाब ४००० बारपर्यंत चढतो. सुमारे पाव मिलिमीटरच्या छिद्रातून ते पाणी ध्वनीच्या दुपटीहून अधिक वेगाने सुटते. पोलाद मात्र कापतात ते धारेत मिसळलेले गार्नेट खनिजाचे टोकदार कण.

दाब या कणांना वेग देतो. पंपाची शक्ती दाब आणि प्रवाह या दोन्हींवर ठरते. दाब तोच ठेवून शक्ती वाढवली, तर धार जाड होते, अधिक कण वाहून नेते. शक्ती तीच ठेवून दाब दुप्पट केला, तर पाणी निम्मेच मिळते. गार्नेट वाचते, पण पंपाची सील लवकर झिजतात. म्हणून पंप घेताना दाबाबरोबरच मिनिटाला किती लिटर पाणी मिळते, हेही विचारावे.