मेळघाटातला पणजा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जातीचा दाखला असो, वनहक्काचा दावा असो की मुलीची शिष्यवृत्ती, धारणी तालुक्यातल्या माणसापुढे फिरून फिरून तोच प्रश्न येतो: आजा कोण, पणजा कोण आणि तो कुठला? उत्तर त्याला तोंडपाठ असतं. कागद मात्र बहुतेकदा नसतो, आणि त्या रिकाम्या जागेत ऐकीव गोष्टी शिरतात. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींचं मूळ, आडनावं आणि चाकरी यांविषयीच्या ज्या समजुती अमरावती-अकोल्यापर्यंत सर्रास ऐकू येतात, त्यांतल्या सहा इथे तपासून पाहू.

गैरसमज १: कोरकू ही गोंडांचीच एक शाखा आणि त्यांची भाषा म्हणजे गोंडीचीच एक बोली.

वस्तुस्थिती: गोंडी ही द्राविडी भाषा, तेलुगू-कन्नडची नातलग. कोरकूचं कूळच वेगळं. ती ऑस्ट्रोआशियाई कुळातल्या मुंडा शाखेची भाषा आहे. झारखंडकडच्या संथाली, मुंडारी आणि हो या तिच्या बहिणी. मुंडा भाषांपैकी सगळ्यात पश्चिमेला बोलली जाते ती हीच. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणून कोरकू म्हणजे ‘माणसं’. २०११ च्या जनगणनेत ७ लाख २७ हजारांहून अधिक लोकांची ही भाषा नोंदली गेली. कोरकूंच्या कथेत महादेवाने सातपुड्यातल्या वारुळाच्या लाल मातीतून मुला आणि मुलाई हे पहिलं जोडपं घडवलं. आपण कुठून तरी आलो, अशी आठवण या कथेत नाही. आपण याच मातीचे, असं ती सांगते.

गैरसमज २: कासदेकर, बेठेकर, भुसुमकर ही गावावरून पडलेली आडनावं आहेत, म्हणजे ही घराणी बाहेरून आली.

वस्तुस्थिती: मराठीत ‘कर’ लागला की आपण त्याच्या आधी गाव शोधतो. इथे ती सवय फसवते. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात हीच आडनावं कासदे, बेठे, भुसुम अशी, ‘कर’ न लावता भेटतात. मूळ शब्द गोत्राचा आहे आणि मराठी मुलखात त्याला ‘कर’ चिकटला. एका गोत्राची माणसं एकमेकांची भावंडं मानली जातात, त्यांच्यात लग्न होत नाही. म्हणून कोरकू घराचं नातं शोधताना नकाशावर गाव शोधू नका, गोत्र विचारा.

गैरसमज ३: ‘लमझना’ म्हणजे सासऱ्याच्या घरचा गडी.

वस्तुस्थिती: कोरकूंमध्ये मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला देज द्यायचं असतं. ते देण्याची ऐपत नसेल तर मुलगा ठरलेली वर्षं होणाऱ्या सासऱ्याच्या शेतात राबतो. तोच लमझना. तो राहतो-जेवतो त्याच घरी. सालदाराला वर्षाअखेर धान्य आणि पैसा मिळतो, लमझन्याला नातं मिळतं. त्याची मुलं त्याच्याच गोत्राची असतात. वंशावळ लिहिताना हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पणजा एका गावात आणि आजा दुसऱ्याच गावात सापडला, तर ती खोट नसते. आजा लमझना गेला असेल आणि तिथेच राहिला असेल.

गैरसमज ४: चाकरी केलेल्या घराण्याला कसली वंशावळ?

वस्तुस्थिती: ब्रिटिशकालीन नोंदींत निहाल जमातीचे लोक कोरकूंच्या शेतावर राबणारे म्हणून येतात. पण बुलढाण्यातल्या जळगाव जामोदकडे बोलली जाणारी त्यांची निहाली भाषा जगातल्या कुठल्याच भाषाकुळात बसत नाही. राबणाऱ्यांच्या तोंडी इतका जुना ठेवा टिकला आहे.

जगातही हेच दिसतं. अमेरिकेतल्या इंग्रजांच्या वसाहतींमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत गेलेल्या गोऱ्यांपैकी फार मोठा वाटा बांधील नोकरांचा होता. जहाजाच्या भाड्यापोटी ते साधारण ४ ते ७ वर्षं मालकाकडे राबत. आज त्यांचे वंशज त्या चाकरीचे करारनामे अभिमानाने शोधतात. १८३४ पासून मॉरिशसला सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर गेले. सुरुवातीच्या तुकड्यांत छोटा नागपूरचे आदिवासी मोठ्या संख्येने होते. त्यांच्यात मुंडाही होते, म्हणजे भाषेच्या नात्याने कोरकूंचे भाऊबंदच. त्या मजुरांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत.

मेळघाटातही वनखात्याने मजुरीच्या अटीवर वनग्रामं वसवली. त्या मजुरीची जुनी सरकारी नोंद आज घराण्याचा पहिला लेखी पुरावा ठरू शकते. तिची लाज बाळगण्याचं कारण नाही.

गैरसमज ५: वनहक्कासाठी प्रत्येकाला तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा पुरावा लागतो.

वस्तुस्थिती: २००६ च्या वनहक्क कायद्यात तीन पिढ्यांची अट इतर पारंपरिक वननिवासींना आहे. अनुसूचित जमातीच्या दावेदाराचा जमिनीवरचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो. पुरावा सरकारी कागदाचाच हवा, असंही नाही. नियमांनुसार दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन, जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ, तसंच विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थळं यांसारख्या जुन्या खुणा हे पुरावे ग्राह्य आहेत. मात्र ग्रामसभेपुढे एकाहून अधिक पुरावे असावे लागतात.

कोरकू गावाजवळ झाडाखाली उभ्या असलेल्या लाकडी फळ्या इथे आठवाव्यात. सिडोलीच्या विधीत मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या या फळीवर घोडेस्वार, सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. तिला ‘मुंडा’ म्हणतात (भाषाशाखेच्या नावाशी घोळ करू नये). तिच्यावर नाव लिहिलेलं नसतं. पण ती कुणाची, हे सांगणारी म्हातारी माणसं गावात असतात.

गैरसमज ६: खरा कोरकू आदिवासी मेळघाटातलाच, बाहेरचा खोटा.

वस्तुस्थिती: एके काळी विदर्भात या जमातीला मान्यता मेळघाट आणि इतर मोजक्या तालुक्यांपुरतीच होती. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ही क्षेत्राची अट काढली. त्यामुळे अकोट-तेल्हाऱ्याचा कोरकूही तितकाच हक्काचा आहे. अनुसूचित जमातींच्या यादीतल्या एकाच नोंदीत कोरकूंसोबत बोपची, मवासी, निहाल, बोंधी ही नावंही आहेत. शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात पणज्यापुढे ‘मवासी’ लिहिलेलं असेल, तर तो अडथळा समजू नये. ६ सप्टेंबर १९५० पूर्वीची अशी नोंद पडताळणीत फार मोलाची असते. शहरात वाढलेल्या मुलाला कोरकू बोलता येत नाही, जमातीचे विधी सांगता येत नाहीत, एवढ्यावरून त्याचा दावा फेटाळता येत नाही. अशी आप्तभाव चाचणी हा अंतिम निकष नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

कोरकूंची वंशावळ हरवलेली नाही, ती अजून माणसांच्या तोंडी आहे. पण तोंडी असलेली गोष्ट माणसाबरोबर जाते. म्हणून धारणी-चिखलदऱ्याच्या शिकलेल्या मुलामुलींना एक कळकळीची विनंती. या दिवाळीला घरी जाल तेव्हा वही घेऊन आजीजवळ बसा. बापाचं गोत्र लिहा, आईचंही लिहा. कोण लमझना गेला, कुठल्या सालात कुठल्या वनग्रामात आला, झाडाखालचा कोणता मुंडा कुणाचा, हे तिच्याच शब्दांत उतरवा आणि खाली गावातल्या दोन वडीलधाऱ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.