मागे राहणारे मूल आणि शाळेचा मानसशास्त्रज्ञ

मानसशास्त्रज्ञ म्हटले की पुष्कळ पालकांच्या, आणि काही शिक्षकांच्याही, डोळ्यांपुढे वेड्यांचे इस्पितळ उभे राहते. त्यामुळे मुलाला त्याच्याकडे नेण्याची सूचना अपमानासारखी वाटते, आणि जे मूल सहज सुधारले असते ते वर्षानुवर्षे मागच्या रांगेत बसून राहते. वस्तुतः शाळेच्या मानसशास्त्रज्ञाचे काम एका साध्या प्रश्नापासून सुरू होते: हे मूल शिकत का नाही?

या कामाचा आरंभ एका शिक्षिकेमुळे झाला, ही गोष्ट शिक्षकवर्गाने अवश्य ध्यानात ठेवावी. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १८९६ साली एका शिक्षिकेने आपला चौदा वर्षांचा विद्यार्थी विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक लाइटनर विटमर यांच्याकडे नेला. मुलगा इतर बाबतींत ठीक होता. परंतु शब्दांचे स्पेलिंग काही केल्या त्याला जमत नसे. विटमर यांनी तपासणी केली तेव्हा त्याच्या दृष्टीत दोष आढळला. त्याला चष्मा देण्यात आला आणि त्यानंतर शिकवणीही सुरू झाली. एवढी वर्षे तो मुलगा निष्काळजी म्हणूनच गणला गेला असल्यास नवल नाही.

तपासणीचा क्रम आजही असाच असावा लागतो. प्रथम डोळे व कान, मग बोलणे, मग घरची परिस्थिती, झोप आणि भूक. बुद्धिमापनाची पाळी त्यानंतरची. सहा-सात वर्षांच्या मुलाला समोरासमोर बसवून प्रश्न विचारल्याने फारसे हाती लागत नाही. म्हणून जाणता मानसशास्त्रज्ञ त्याला मणी, ठोकळे, चित्रे देतो, त्याच्याबरोबर खेळतो आणि पाहतो. मूल काम अर्धवट टाकते की मदत मागते, सांगितलेले ऐकूनच येत नाही की ऐकून विसरते, यांतील फरक त्याला खेळातूनच कळतो.

बुद्धिमापनाविषयी मात्र थोडे सावध असणे बरे. आल्फ्रेड बिने व सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये आपली कसोटी तयार केली ती मुलांना शाळेबाहेर काढण्यासाठी नव्हे. ज्यांना निराळ्या शिक्षणाची गरज आहे अशी मुले ओळखता यावीत, हा तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मतः ठरून गेलेली वस्तू आहे, या मताचा बिने यांनी १९०९ साली स्पष्ट निषेध केला होता. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० नंतरच्या दशकात धारवाड येथे ही कसोटी मराठी व कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बसविली. नुसते भाषांतर पुरले नसते. परक्या मुलांच्या अनुभवावर बेतलेला प्रश्न आपल्या मुलाला कोड्यासारखा वाटतो. हाच न्याय नंदुरबार किंवा पालघरकडील मुलांना लावावा. ज्याच्या घरी पावरी वा वारली बोलली जाते, ते मूल प्रमाण मराठीतील प्रश्नापुढे गप्प बसले, तर त्यावरून त्याच्या बुद्धीविषयी काहीच सिद्ध होत नाही.

प्रत्येक शाळेला स्वतंत्र मानसशास्त्रज्ञ मिळणे आज तरी शक्य दिसत नाही. म्हणून निरीक्षणाचा भार वर्गशिक्षकावर येतो. 'मंद', 'लक्ष नाही' असे शेरे वहीत लिहून काही साधत नाही. तपासणाऱ्याला त्यांचा उपयोगच होत नाही. त्याऐवजी घडले ते लिहावे: फळ्यावरचे उतरवताना डोळे बारीक करतो; पाठीमागून हाक मारली तर वळत नाही; तोंडी हिशेब बरोबर, पण लेखी कोरा; बहिणीच्या मृत्यूनंतर दोन महिने बोललेला नाही. घ-ध, भ-म यांची अदलाबदल पहिलीत पुष्कळ मुले करतात, तिचा बाऊ करू नये. तिसरीतही ती टिकली आणि वाचन अडखळतच राहिले, तर मात्र मुलाची तपासणी करून घ्यावी. असे विशिष्ट अध्ययन-अक्षमत्व २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक शाळेत तपासणीस येते, त्या दिवशी ही नोंदवही डॉक्टरांपुढे ठेवावी. पुढील तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होऊ शकते. त्याच्या रचनेत मानसशास्त्रज्ञाचे पद ठेवलेले आहे. केंद्रशाळेकडील विशेष शिक्षकांनाही आधी कळवावे. पालकांना एकटे बोलावून, मुलाची एखादी चांगली गोष्ट प्रथम सांगून मग विषय काढावा. वर्गासमोर किंवा इतर पालकांदेखत त्याचा उच्चार करू नये. मुलाला मारणे वा हिणवणे तर शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने २००९ सालीच निषिद्ध ठरविले आहे.

अहवाल आल्यावर तो कपाटात ठेवण्यासाठी नसतो. पहिल्या बाकावर बसविणे, सूचना एकेक करून देणे, लेखीऐवजी तोंडी उत्तर घेणे, अशा त्यातील सूचना दुसऱ्याच दिवसापासून अमलात आणाव्यात आणि दोन महिन्यांनी काय फरक पडला तो त्याच वहीत लिहावा. मूल पुढच्या वर्गात गेले की ती वही नव्या शिक्षकाच्या हाती द्यावी.