खाणीतले वारकरी

“खाणीच्या पाण्यावर पोराला घेऊन निघालात? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?” आप्पांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. त्यांचा राग उगाच नव्हता. गावाजवळच्या बंद दगडखाणीत पोहायला गेलेला एक शाळकरी मुलगा त्यांच्या डोळ्यांदेखत बुडाला होता. खाणीचं पाणी म्हटलं की त्यांना तेवढंच आठवतं.

आप्पांना नॉटिंगहॅमला येऊन दोन महिने झाले होते. फेब्रुवारीची थंडी, दिवसभर बंद खिडक्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. नातवाचं मराठी तोडकंमोडकं, आजोबांचं इंग्रजी तसंच. “तिकीट अलीकडचं मिळेल का रे?” असं त्यांनी दोनदा विचारून झालं होतं. नातवाने हात धरला म्हणून ते गाडीत बसले इतकंच.

अ‍ॅटनबरो हे ट्रेंट नदीकाठचं गाव. इथे १९२९ पासून वाळू-खडी काढायला सुरुवात झाली. नदीकाठ असल्याने थोडं खणलं की पाणी लागायचं. खडी संपली आणि खड्डे आपोआप भरले. १९६६ साली इथलं अभयारण्य खुलं केलं ते डेव्हिड अ‍ॅटनबरो यांनी. (नाव एकच, म्हणून हे गाव त्यांच्याच मालकीचं अशी आमच्या चिरंजीवांची बरेच दिवस समजूत होती!) २०२० च्या अखेरीस लोकांच्या देणग्यांच्या जोरावर स्थानिक निसर्गसंस्थेने ही जागा खडी कंपनीकडून विकतच घेतली.

पहिली दहा मिनिटं आप्पांनी नातवाच्या जाकिटाची कॉलर सोडली नाही. तेवढ्यात काळ्याकुट्ट पक्ष्यांचा थवा पोहत आला, प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा टिळा.

“कूट!” नातू ओरडला.

“कूट कसले? वारकरी आहेत ते!”

“वारकरी म्हणजे काय, आजोबा?”

झालं! टाळ, दिंडी, रिंगण, चंद्रभागा... अर्धा तास आम्हा दोघांना कोणी विचारलंच नाही. मग शेंडी बदक झालं, पाणकावळा झाला. थापट्या दिसला तेव्हा तर आप्पा हरखलेच. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीत उजनीच्या पाण्यावर त्यांनी थापटे पुष्कळ पाहिलेले. “ही आमचीच बदकं!” नातवाने पुस्तक उघडून सांगितलं, की उजनीला येणारे मध्य आशिया-सायबेरियाकडचे, हे वेगळे. “असू देत. चुलतभाऊ तरी असतील!”

पण खात्यातला माणूस गप्प कसा बसेल? आमच्याकडच्या खाणीवर बदकं का नसतात, हे त्यांनी तिथेच उलगडून सांगितलं. काळ्या कातळाची खाण म्हणजे विहीरच. उभे कडे, एकदम खोल पाणी, लव्हाळी रुजायला काठच नाही. थापट्याला पसरट चोचीने वरचं पाणी चाळून खायचं असतं, त्याला उथळ पाणी हवं. इथे खडीचा थर फार खोल नाही, काठ उतरते, मधे बेटं. “पोरगं घसरलं तरी पाय टेकेल,” असं पुटपुटत त्यांनी कॉलर सोडली. (आम्ही मात्र हात धरला. इथेही पाणी सगळीकडे उथळ नाही.)

त्यानंतर दर शनिवारी फेरी. मार्चमध्ये मोठ्या तुरेवाल्या टिबुकल्यांची जोडी चोचीत पाणवनस्पती धरून, छातीला छाती भिडवून पाण्यावर ताठ उभी राहिलेली पाहिली. टोप्यांवर लावायच्या पिसांसाठी एकोणिसाव्या शतकात हा पक्षी ब्रिटनमधून जवळजवळ संपवला होता. पुढे कायदे झाले, आणि पाणी भरलेल्या अशा खाणींनीही त्याला जागा दिली. एप्रिलमध्ये पाकोळ्या आल्या. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मे महिन्यात आप्पा ठरल्या दिवशी परतले. मागे एक वही आहे. डाव्या रकान्यात त्यांची नावं, उजव्यात नातवाची. एकाच ओळीत डावीकडे काही नाही: बिटर्न. हिवाळ्यात लव्हाळ्यांत दडून बसणारा हा तपकिरी बगळा काही दिसला नाही आणि न पाहिलेल्या पक्ष्याला नाव द्यायला आप्पा तयार नाहीत. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न, “दिसला का रे?” आणि लगेच दुसरा, “काठापासून लांब उभा राहतोस ना?”