आजारपणाचा नित्य आणि नैमित्तिक खर्च

आपल्या मीमांसकांनी कर्माचे जे भेद केले, त्यांत नित्य आणि नैमित्तिक हे दोन येतात. नित्य म्हणजे नेमाने करायचे, नैमित्तिक म्हणजे काही निमित्त घडले तर करायचे. हाच भेद आज आपण दवाखान्याच्या खर्चाला लावून बघू.

हृदयविकाराचा झटका, अपघात, मोठी शस्त्रक्रिया हा नैमित्तिक खर्च. तो थोड्या घरांवर येतो, पण ज्या घरावर येतो त्याचं शेत गहाण पडतं. अशा वेळी विमा उपयोगी पडतो. अनेकांनी थोडं थोडं बाजूला काढायचं आणि ज्याच्यावर वेळ आली त्याला द्यायचं. आपल्या राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली, तीच पुढे महात्मा फुले जनआरोग्य योजना झाली. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली. पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण. या योजनांनी अनेक घरं सावरली, हे मान्यच केलं पाहिजे.

आता दुसरी बाजू. समजा, गडहिंग्लजजवळच्या खेड्यातली रोजगाराला जाणारी साठीची बाई आहे. तिला मधुमेह आणि रक्तदाब. दरमहा गोळ्या, अधूनमधून रक्ततपासणी, एसटीचं भाडं, बुडालेला दिवस. ती खाटेवर दाखल झालेली नाही, म्हणून यातलं काहीच विम्यात बसत नाही. आयुष्मान योजना दाखल होण्याआधीचे तीन आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस धरते. सोळाव्या दिवसाची गोळी ज्याची त्याने घ्यायची!

पैशाअभावी गोळी थांबते आणि काही वर्षांनी मूत्रपिंड निकामी होतं. मग डायलिसिस योजनेतून होतं. म्हणजे गोळीला पैसा नव्हता, डायलिसिसला मात्र आहे. हा हिशेब कुठल्या तर्कात बसतो?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, पण उरलेलं ओझंही लहान नाही.

मग गोळ्यांचाही विमा काढावा का? जो खर्च दरमहा येणारच, त्याचा विमा म्हणजे आपलाच पैसा हप्त्याने भरणं. वर कंपनीचा खर्च वेगळा. नित्य खर्च सार्वजनिक आरोग्यसेवेनेच उचलायला हवा. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराला मुकू नये, असं भोर समितीने १९४६ सालीच सांगितलं होतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. आपलं उपजिल्हा रुग्णालय, गावोगावची आरोग्य केंद्रं त्यातच येतात.

ग्रामसभेत आपण विचारतो, कार्डं किती निघाली? त्याच्या जोडीने आणखी एक विचारू या: आरोग्य केंद्रात रक्तदाबाची गोळी महिनाभर पुरेल एवढी मिळते का? नसेल, तर का नाही?